साखरेच्या गोळीने वाफा निम्म्यावर?

पाळी जाण्याच्या वयात अचानक छातीतून गरम लाट उठते, मान-चेहरा तापतो, दरदरून घाम फुटतो आणि काही मिनिटांत सगळं निवतं. ऐन थंडीतसुद्धा! पण या वाफा मोजायच्या कशा? रक्त तपासून त्यांचा आकडा मिळत नाही. म्हणून औषधाच्या चाचणीत बाईच्या हाती एक वही दिली जाते. आज किती वेळा आल्या, किती जोराच्या होत्या, रात्री झोप मोडली का, हे तिनेच लिहायचं. संशोधनाचा सगळा डोलारा त्या वहीवर उभा असतो.

ती वही काय सांगते पाहा. २००४ साली ‘कॉक्रेन’ या संशोधनसंस्थेच्या आढाव्यात हार्मोनच्या गोळ्यांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. काही बायकांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी मिळाली होती. त्यांच्याही वाफा सुमारे ५८ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या!

सुंठीवाचून खोकला गेला कसा? यात विश्वासाचा वाटा आहे, कोणीतरी आस्थेने विचारपूस करतंय याचाही आहे. पण आणखी एक गंमत आहे. अशा अनेक चाचण्यांत दिवसाला सात-आठ जोरदार वाफा येत असतील तरच प्रवेश मिळतो. म्हणजे बाई आत येते तीच त्रास टिपेला असताना. तिथून तो उतरणीला लागण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा ‘आमच्या चूर्णाने त्रास निम्म्यावर’ असं कोणी म्हटलं, तर त्यातला एकही शब्द खोटा नसेल, आणि तरी त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. हार्मोनचं खरं काम दिसतं ते तुलनेत: नकली गोळीवाल्या गटापेक्षाही हार्मोनच्या गटात वाफा सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होत्या.

म्हणून दोन गट हवेत, आणि कोण कुठे जाणार हे चिठ्ठी टाकून ठरायला हवं. सोपं वाटतं ना? १९९५ साली संशोधक केनेथ शुल्झ यांनी अशा चिठ्ठ्यांची गोष्ट उघड केली. बंद पाकिटं दिव्यासमोर धरून आतली चिठ्ठी वाचणारे डॉक्टर होते! पुढची चिठ्ठी नव्या औषधाची आहे हे कळलं, की बरी होण्यासारखी रोगी तिथे धाडण्याचा मोह होतोच. त्याच वर्षी शुल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदरपण व बाळंतपणाविषयीच्या २५० चाचण्या चाळल्या. जिथे चिठ्ठ्या नीट लपवलेल्या नव्हत्या, तिथे उपचाराचा परिणाम सरासरी चाळीसेक टक्के फुगलेला निघाला. एका पाकिटाच्या कागदाची जाडी औषधाला गुणकारी ठरवू शकते, हे कोणाच्या मनात तरी आलं असतं का?

आणि पाकीट कसं होतं हे अनेक शोधनिबंधांत लिहिलेलंच नसे. वाचणाऱ्याने ओळखायचं कसं? यातून १९९६ साली ‘कन्सॉर्ट’ नावाची यादी जन्मली. चाचणीचा अहवाल लिहिताना काय काय सांगायलाच हवं, त्याची ती जंत्री. २०१० साली तिच्यात २५ कलमं होती, २०२५च्या आवृत्तीत ३० आहेत. तिच्यासोबत एक आकृती येते आणि ती मला फार आवडते. किती जणी तपासल्या, किती घेतल्या, कोणत्या गटात किती गेल्या, मध्येच किती गळाल्या आणि का, हे सगळं चार-पाच चौकटींत दिसतं. एकाच गटातून बायका भराभर बाहेर पडलेल्या दिसल्या, की ती आकृती बोलू लागते.

सात विषयांचे पेपर देऊन चांगले गुण पडले तेवढाच विषय घरी सांगणारा मुलगा आठवतो? संशोधनातही तसं घडतं: वाफा, झोप, मूड, वजन सगळं मोजायचं आणि जे सुधारलं तेवढंच छापायचं. म्हणून मुख्य मोजमाप आधीच जाहीर करायला लावतात. वाफांच्या बाबतीत तर २०२१ साली ‘कॉमा’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने प्रत्येक चाचणीत मोजायलाच हव्यात अशा सहा गोष्टी ठरवल्या. वाफांची संख्या आणि तीव्रता त्यात आहेच. पण त्यांचा होणारा जाच, झोप, उपचाराबद्दलचं समाधान आणि दुष्परिणामही आहेत. आणि हे ठरवताना त्रास भोगलेल्या बायकांनाही विचारलं होतं!

वनौषधींसाठी २००६ साली कन्सॉर्टची वेगळी पुरवणी आली: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग, अर्क कसा काढला, सगळं लिहा. त्याच वर्षी अमेरिकेत ३५१ बायकांवरच्या वर्षभराच्या चाचणीत ‘ब्लॅक कोहोश’ ही वाफांवरची लोकप्रिय मुळी नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

शेवटी आकडा कसा सांगायचा, हाही त्या यादीतलाच प्रश्न. २००२ साली अमेरिकेतल्या सोळा हजारांहून अधिक बायकांच्या चाचणीतून बातमी आली: इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन ही हार्मोनं घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. जगभर घबराट पसरली. तोच निकाल असाही सांगता येतो: वर्षाला दर दहा हजारांत ३०ऐवजी ३८ जणी. दोन्ही खरे आहेत, म्हणूनच दोन्ही शेजारी छापावेत, असं कन्सॉर्ट सांगतं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘संशोधनाने सिद्ध’ असं वाचाल, तेव्हा विचारा: कशाच्या तुलनेत? किती जणींत किती? आणि चाचणी भारतातली असेल तर तिचा नोंदणी क्रमांक मागा. २००९पासून इथे चाचणीआधी नोंदणी सक्तीची आहे, तो क्रमांक ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो, आणि ती नोंद कोणालाही फुकट उघडून वाचता येते.