वीतभर दार

सोयाबीनच्या सोंगणीला कामरगावातून मजुरांनी भरलेला टेम्पो निघतो, तेव्हा आम्हां संघटनेच्या माणसांना मजुरीच्या दराइतकीच आणखी एक चिंता असते. वाटेत कुशीवर धडक बसली तर? मोटारीला समोरून धडक बसली, तर पुढचा भाग आधी चेमटतो आणि बराचसा मार झेलतो. कुशीवर बसली, तर माणूस आणि धडक यांच्यामध्ये वीतभर जाडीचे दार काय ते असते.

हे दार पारखतात कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशा चाचण्या घेते. मोटार उभी ठेवतात आणि ९५० किलो वजनाचा चाकांचा गाडा ताशी ५० किलोमीटर वेगाने तिच्या कुशीवर काटकोनात आदळवतात. गाड्याच्या तोंडाला मधाच्या पोळ्यासारखी अॅल्युमिनियमची जाळी असते. ती दुसऱ्या मोटारीच्या तोंडाप्रमाणे दबते. धडकेच्या बाजूस, पुढच्या आसनावर, मापकयंत्रे भरलेला माणसाएवढा पुतळा पट्टा बांधून बसवतात.

साक्ष घ्यायची ती या पुतळ्याची. त्याची फासळी ४२ मिलिमीटरहून अधिक दबली, तर मोटार नापास. डोके, पोट व कटिभाग यांनाही मर्यादा ठरलेल्या आहेत. बाहेरचा पत्रा टिकला तरी आतला कठीण हातटेका पोटात रुतू शकतो. म्हणून दाराचे अस्तर व हातटेका असे करावे लागतात की, ते स्वतः दबतील आणि मार एका जागी बसू देणार नाहीत. शिवाय धडकेत दार उघडता कामा नये, आणि नंतर माणसे बाहेर काढण्यासाठी ते अवजारांवाचून उघडले पाहिजे.

मोटारींच्या नव्या नमुन्यांना हा नियम ऑक्टोबर २०१७ पासून आणि चालू नमुन्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला. ठीकच झाले. पण श्रोतेहो, टेम्पोच्या हौद्यात फाळक्याला पाठ टेकून बसलेल्या बाईला ना दार, ना पट्टा, ना अस्तर. तिच्या जागी प्रयोगशाळेत एकही पुतळा बसवीत नाहीत. कारण ती जागा माणसाची नव्हे, मालाची आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की मजुरी ठरवताना जाण्यायेण्याची गाडीही ठरवून घ्या. गाडी प्रवाशांची असावी आणि आसने तितकीच माणसे तीत बसावीत. पुतळ्याच्या फासळीची जेवढी काळजी घेतली जाते, तेवढी तरी मजुराच्या फासळीची घेतली जावी.