पाण्याशी वाकडं असलेले रेणू

साबणाचे रेणू पाण्यात सुटे न राहता घोळक्याने वावरतात, असं ब्रिस्टलचे जेम्स मॅकबेन १९१३ मध्ये म्हणाले. लांबलचक साखळीचे रेणू, म्हणजे पॉलिमर, खरोखरच असतात, असं हर्मान श्टाउडिंगर १९२० मध्ये. सुरुवातीला दोघांनाही फारसं कुणी जुमानलं नाही. १९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी साखळीचं टोक ‘जिवंत’ ठेवण्याची रीत दाखवली. एक घटक संपला की त्याच टोकाला दुसरा जोडायचा. अर्धा भाग पाण्यात रमणारा आणि उरलेल्याचं पाण्याशी वाकडं, असा पॉलिमर आता मापात बनवता येऊ लागला.

पाण्यात पडताच वाकडे भाग आत दडतात. एकमेकांच्या ओढीने नव्हे. त्यांच्याभोवती पाण्याच्या रेणूंना शिस्तीत उभं राहावं लागतं. ते एकत्र आले की पाणी त्या जाचातून सुटतं. पाणी मोकळं व्हावं म्हणून पॉलिमर रांगेत लागतात, असा हा उफराटा व्यवहार आहे.

माझ्या मते खरं वळण १९९५ चं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात झांग आणि आयझेनबर्ग यांनी पाण्याशी वाकडं असलेल्या लांब पॉलिस्टायरीनला पाण्यात रमणारं पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लाचं आखूड शेपूट जोडलं. हा पॉलिमर डायमिथाइलफॉर्मामाइड या द्रावकात विरघळवून त्यात थेंब थेंब पाणी सोडायचं. नितळ द्रावण एकाएकी गढुळतं. गुच्छ जमू लागलेले असतात. मग भरपूर पाणी ओतलं की आतलं पॉलिस्टायरीन थिजतं आणि आकार आहे तसा अडकतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, शेपूट आखूड होत गेलं तसे आधी गोळे, मग दांडे, मग पोकळ फुगे दिसले. एरवी समतोल न साधणं ही प्रयोगाची खोट मानली जाते. इथे तीच पथ्यावर पडली.

१९९९ मध्ये अमेरिकेत डिशर, हॅमर आणि बेट्स यांच्या गटाने अशाच फुग्यांची भिंत पेशीपटलातल्या मेदापेक्षा कितीतरी चिवट असल्याचं दाखवलं. औषधं वाहून नेण्याच्या बाबतीत मात्र गाजावाजा जास्त झाला. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध वाहून नेणाऱ्या पॉलिमर-गुच्छांना दक्षिण कोरियात २००७ मध्ये मान्यता मिळाली; पण रक्तात पातळ होताच बरेच गुच्छ विस्कटतात, हे दुखणं कायम आहे.

शेफिल्डच्या स्टीव्ह आर्म्स यांच्या गटाने पॉलिमर थेट पाण्यातच वाढवला. साखळी लांबत जाते तसे त्याच भांड्यात गोळ्यांचे लांबट ‘किडे’ आणि किड्यांचे फुगे होतात. किड्यांच्या गुंत्याने पाण्याची जेली बनते. ती थंड केली की किडे मोडून गोळे होतात, द्रव बारीक गाळणीतून जातो, जंतू मागे राहतात आणि ऊब मिळताच पुन्हा जेली धरते.