दुपारच्या सुट्टीतल्या कविता

गेल्या वेळी बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुरुषाला पुरुषच आवडतो, असं खरंच असतं का हो? की हे आताच्या मोबाईलचं खूळ?" म्हणून आज मोबाईल नव्हते तेव्हाची, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतली गोष्ट सांगते.

पुरुषाला पुरुषाची किंवा बाईला बाईची मनापासून ओढ वाटते, अशा माणसाला समलिंगी म्हणतात. त्या काळी अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे शरीरसंबंध हा गुन्हा होता. 1953 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एक आदेश काढला आणि अशा माणसांना केंद्र सरकारच्या नोकरीतून काढू लागले. डॉक्टरही याला आजार म्हणत. त्यामुळे लोक गप्प राहत, खोटं सांगत, नाहीतर मुकाट्याने लग्न करून मोकळे होत.

अशा काळात काही कवींनी न लपवता लिहायचं ठरवलं. त्यांतला एक फ्रँक ओहारा. जन्म 1926 चा. हा युद्धात नौदलात होता. पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात नोकरीला लागला. सुरुवात दर्शनी टेबलावरच्या कामापासून केली आणि नंतर तिथेच मोठ्या पदावर पोचला. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की तो रस्त्यावर फिरायचा. काय खाल्लं, कोणतं वर्तमानपत्र घेतलं, बांधकामावरचे मजूर कसे दिसले, हे सगळं कवितेत यायचं. 1964 मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकाचं नावच मुळी 'दुपारच्या जेवणाच्या कविता' अशा अर्थाचं आहे.

आपल्या आज्या दळता दळता ओवीत घरचंच सांगायच्या, तसंच हे. फरक एवढाच, की ओहाराच्या रोजच्या जगण्यात त्याचा प्रिय माणूस पुरुष होता. एका कवितेत तो त्या माणसासोबत कोक पीत बसला आहे. मोठमोठ्या चित्रांपेक्षा त्याला समोरचा माणूस बघावासा वाटतो. बस, एवढंच. त्यात ना भांडण आहे, ना घोषणा. पण लपून राहायला लावणाऱ्या काळात असं साधेपणाने सांगणं हेच मोठं धाडस होतं.

जेम्स स्कायलर हा त्याचा मित्र. त्याला मनाचा आजार होता, अनेकदा दवाखान्यात राहावं लागलं. त्याने खिडकीतून दिसणारा पाऊस, फुलं, ऊन यांवर लिहिलं. 1981 मध्ये त्याला पुलित्झर हा तिकडचा मानाचा पुरस्कार मिळाला.

तिसरा ॲलन गिन्सबर्ग. त्याचं 'हाउल' हे पुस्तक 1956 मध्ये आलं. पुस्तक अश्लील आहे म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत खटला झाला. ते विकणाऱ्या दुकानातल्या माणसालाही पोलिसांनी धरलं. 1957 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की पुस्तक अश्लील नाही. हाच गिन्सबर्ग 1962 मध्ये जहाजाने मुंबईत उतरला. सोबत त्याचा जोडीदार पीटर होता. पुढे दोघे कोलकाता आणि बनारसला राहिले.

गिन्सबर्गची आई नेओमी बरीच वर्षं मनोरुग्णालयात होती आणि 1956 मध्ये तिथेच वारली. तिच्या मरणाची बातमी आल्यावर तिचं शेवटचं पत्र त्याच्या हाती पडलं. त्यात तिने मुलाला काय सांगितलं होतं? लग्न कर. आईची माया आणि आईची काळजी, जगात सगळीकडे सारखीच. गिन्सबर्गने आईवर एक लांबलचक कविता लिहिली. तिचा आजार, घरातली ओढाताण, त्याचं प्रेम, काहीच झाकलं नाही.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबून विचार करू. "लग्न लावून द्या, सुधारेल" असं आपणही सहज म्हणतो. पण जे आजारच नाही, ते सुधारणार काय? 1973 मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढून टाकलं. आपल्याकडे 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध हा गुन्हा नाही. तरीही बळजबरीने लग्न लावलं, तर मुलगा घुसमटतो. आणि त्या घरात आलेली मुलगी? तिचा काय दोष? "माझ्यातच काही कमी आहे" असं समजून ती आयुष्यभर झुरते. तिचं दुःख कोणी मोजतच नाही.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, असं असतं. पूर्वीही होतं. उद्या तुमच्या-माझ्या घरातलं लेकरू काही सांगायला आलं, तर आधी त्याला जेवायला वाढा आणि त्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्या. सोयरीक बघायची घाई नको.

बरं, येते मी. पुढच्या बैठकीत यावर मोकळेपणाने बोलू.