मुंबई हायकोर्टातील पहिल्या महिला बॅरिस्टर : मिठन लाम

ठाणे-कल्याणच्या कोर्टात आज आपल्या समाजाच्या मुली काळा कोट घालून उभ्या राहतात, त्याचे कुणाला नवल वाटत नाही. पण कलकत्ता व पाटणा येथील उच्च न्यायालयांनी एकेकाळी पात्र स्त्रियांचे अर्ज, केवळ त्या स्त्रिया आहेत म्हणून फेटाळले होते. १९२३ च्या कायद्याने ही आडकाठी दूर झाली. बाबासाहेबांनी मुंबईत वकिली सुरू केली तेही याच साली. पुढच्याच वर्षी मिठन टाटा (विवाहानंतर लाम) मुंबई हायकोर्टात दाखल झाल्या.

त्यांचा जन्म १८९८ चा, पारशी घराण्यातला. १९१९ साली बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली, हे आपण जाणतो. त्याच समितीने स्त्रियांना मताधिकार देऊ नये असे मत दिले. म्हणून त्याच वर्षी मिठनबाई आई हेराबाईंसह विलायतेस गेल्या व तेथे स्त्रियांची बाजू मांडली. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९२१ साली. मिठनबाई मात्र शिक्षणासाठी तिकडेच राहिल्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि लिंकन्स इनमध्ये कायदा, असा त्यांचा अभ्यास झाला. बाबासाहेबही त्या काळात याच स्कूलमध्ये होते! विद्यार्थ्यांनी ही सालें शेजारी शेजारी मांडून पाहावीत.

पहिल्या खटल्याची हकीकत मोठी बोलकी आहे. अशिलाने या नवख्या बाईंना का निवडले? तर त्याला आपल्या विजयाची पक्की खात्री होती, आणि प्रतिपक्षाला बाईकडून हरण्याची नामुष्की सोसायला लावायची होती! काम मिळाले तेही असे. पुढे त्यांनी नामांकित वकील भुलाभाई देसाई यांच्या हाताखाली काम केले. पारशी विवाह कायद्याच्या फेरविचारासाठी नेमलेल्या समितीवरही त्या होत्या. तो कायदा १९३६ साली झाला.

१९४७ मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. पद मानाचे, सत्तेचे नव्हे. पण तो काळ फाळणीचा होता. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत निर्वासित येऊन राहिले, ज्यातून उल्हासनगर उभे राहिले, ते हेच दिवस. निर्वासितांच्या मदतीसाठी नेमलेल्या महिला समितीची धुरा मिठनबाईंकडे होती. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले; १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे त्यांचे एक काम माटुंगा लेबर कॅम्पातले. आंबेडकरी चळवळीच्या या वस्तीत नळाचे पाणी, स्वच्छता, दवापाणी, वीज आणि कामकरी आयांच्या मुलांसाठी पाळणाघर यांसाठी त्या महिला परिषदेमार्फत झटल्या.