यादीतले शेवटचे काम

किराणा, विजेचे बिल, उत्तरपत्रिका... माझ्या यादीतली बाकीची कामे यथावकाश खोडली जातात. एक मात्र दोन वर्षे पानामागून पान उतरत आले: ‘सातबारा – वारसनोंद.’

वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ सांगते. काम तसे अवघड नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे आणि अर्ज. मग गावनमुना सहा-क मध्ये नोंद आणि पुढे फेरफार. गावी धाकट्या भावाचे पीककर्ज त्यावाचून अडलेले. आणि आळसावर मुलांना निबंध घालणारा मी!

पण वाचकहो, हा आळस नव्हे, हे परवा यादी नव्याने उतरवताना उमगले. नोंद झाली की उताऱ्यावर अण्णांच्या नावावर आडवी रेष पडणार. पेन अडत होते ते तिथे.

मग ती ओळच खोडली आणि लिहिले: ‘दाखला ट्रंकेतून काढणे.’ एवढेच.

जेवणे उरकल्यावर ट्रंक उघडली. दाखल्याखाली अण्णांनी दोऱ्यात ओवून ठेवलेल्या शेतसाऱ्याच्या पावत्या निघाल्या. त्या वाचीत बराच वेळ बसलो.

“सापडला का?” सौ.ने दारातून विचारले.

“सापडला.”

सकाळी पाहतो तो यादीच्या नव्या पानावर तिच्या अक्षरात एकच ओळ होती: ‘दाखल्याची झेरॉक्स, दोन प्रती.’