नवा खुबा, जुनी बैठक

आमच्या घरी दिवाळीच्या करंज्या जमिनीवर बसूनच व्हायच्या. आई पाटावर, पुढ्यात पोळपाट, उजव्या हाताला सारणाची परात आणि आम्ही मुली भोवताली. ओटा आला, गॅस आला, तरी तिने ही बैठक सोडली नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या खुब्याने असहकार पुकारला. आधी पाट सुटला, मग जिना सुटला, शेवटी रात्रीची झोपही गेली. डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र दाखवून सांगितले, "सांध्यातली कूर्चा पार झिजली आहे. हाडावर हाड घासते आहे. सांधा बदलावा लागेल."

आई लगेच तयार झाली. घाबरले होते ती मी! त्याला कारण आमच्या आत्या. त्यांचा खुबा बदलला, महिन्याभरात त्या काठी घेऊन हिंडू लागल्या, आणि एके संध्याकाळी बुटक्या स्टुलावर बसून, खाली पडलेली जपमाळ उचलायला वाकल्या तोच नवा सांधा निखळला. त्यांची ती किंकाळी माझ्या कानांतून अजून गेलेली नाही. म्हणून मी पहिलाच प्रश्न विचारला, "डॉक्टर, सगळ्यांत चांगला सांधा कोणता?"

डॉक्टर हसले. "बाई, सगळ्यांत चांगली चप्पल कोणती, असे विचारण्यासारखेच हे झाले. आधी पाय पाहायला हवा!"

मी मराठी शिकवणारी. हाडांचे शास्त्र मला काय कळणार? पण शाळेच्या पुस्तकातला 'उखळीचा सांधा' आठवला आणि पुष्कळसे उलगडले. खुब्यात उखळ आहे ती कमरेच्या हाडातली खोलगट वाटी, आणि तिच्यात फिरतो तो मांडीच्या हाडाचा गोळा. शस्त्रक्रियेत दोन्ही बदलतात. प्रश्न एवढाच, की नवा गोळा केवढा घ्यायचा?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. इंग्लंडात, लँकेशायरमधील राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली नावाच्या शल्यविशारदाने या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले. प्रथम त्याने टेफ्लॉनची वाटी बसवली. ती थोड्याच वर्षांत झिजली आणि तिच्या भुकटीने आजूबाजूला दाह उठला. टेफ्लॉनचा परिणाम पाहण्यासाठी या गृहस्थाने त्याचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते! 1962 साली त्याने पॉलिथिलीन या चिवट प्लॅस्टिकची वाटी वापरली आणि त्यात पोलादाचा 22 मिलिमीटरचा गोळा बसवला. माणसाचा मूळ गोळा याच्या सुमारे दुप्पट असतो. गोळा लहान, म्हणून घर्षणाचा जोर कमी आणि झीजही कमी, हा त्याचा हिशेब. तो खराही ठरला.

पण लहान गोळ्याची एक खोड आहे. तो वाटीतून लवकर उडी मारतो. बाहेर पडण्यासाठी गोळ्याला साधारण आपल्या निम्म्या व्यासाइतके सरकावे लागते. म्हणजे 22 चा गोळा 11 मिलिमीटरमध्ये निसटेल, 36 च्याला 18 लागतील. शिवाय गोळा लहान असला, की त्याखालची दांडी वाटीच्या काठावर लवकर आपटते. उखळीच्या काठाला मुसळ टेकवून रेटा दिला, तर त्याचे टोक वर उचलले जाते ना? तसेच ते!

मग मोठाच गोळा का घेऊ नये? जुन्या प्लॅस्टिकमध्ये मोठा गोळा अधिक झीज करी. 1990 नंतरच्या दशकाच्या अखेरीस अधिक टिकाऊ पॉलिथिलीन आले आणि 32 व 36 मिलिमीटरचे गोळे सर्रास वापरात आले. काहींनी प्लॅस्टिकच वगळून धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा बसवला. तो सहसा निखळत नसे; पण घासून निघालेल्या धातूने कित्येकांच्या शरीरात उपद्रव केला, आणि 2010 साली अशा सांध्यांचा एक प्रकार जगभरातून परत मागवावा लागला. एक दुखणे टाळावे तर दुसरे उभे!

आमच्या डॉक्टरांनी आईला विचारले, "आजी, घरी तुम्ही बसता कशा?" आईने पाट, पोळपाट, देवपूजा, सगळे सांगितले. मला वाटले, हे सारे ते हसण्यावारी नेतील. पण त्यांनी ते लिहून घेतले. मग आईची उभी आणि बसलेली, अशी दोन चित्रे काढवली. तिच्या कमरेचे दोन मणके पूर्वी स्क्रूंनी जोडलेले आहेत. निरोगी माणूस बसतो तेव्हा कमरेचे हाड मागे कलते आणि वाटीचे तोंड गोळ्याला वाट करून देते. ताठलेला कणा हे करू देत नाही. सगळा भार खुब्यावर येतो.

म्हणून आईसाठी 'दुहेरी हालचालीचा' सांधा ठरला. लहान गोळा प्लॅस्टिकच्या मोठ्या गोळ्यात, आणि तो मोठा गोळा धातूच्या गुळगुळीत वाटीत. झीज लहान गोळ्यासारखी आणि पकड मोठ्यासारखी, अशी ही युक्ती फ्रान्सच्या सेंट एतिएन शहरातील जिल बूस्के या शल्यविशारदाने 1970 नंतरच्या दशकात काढली. "पण बाई," डॉक्टर म्हणाले, "वाटीचा कोन चुकला किंवा स्नायू सैल राहिले, तर कुठलाच सांधा वाचवणार नाही. आणि निम्मे काम घरच्यांचे!"

ते आम्ही केले. बुटकी स्टुले हलवली, शौचालयात उंच बैठक बसवली. पायावर पाय टाकायचा नाही, गुडघा खुब्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, वाकून गुडघा आत वळवायचा नाही, हे नियम स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले.

यंदा आई उंच खुर्चीवर बसून जेवणाच्या टेबलावर करंज्या लाटते आहे. जमिनीवर बसायचे नाही, हे तिने कबूल केले आहे. मनापासून की नाही, ते मी विचारत नाही. परवा मी तिचा पाट माळ्यावर टाकायला निघाले, तर म्हणाली, "असू दे ग, सारणाची परात ठेवायला लागेल."