लेझीम आणि हलगी

शाळेच्या संमेलनांत लेझीमपथक पाहिलें नाहीं असा आपणांत क्वचितच कोणी असेल. आज आपण लेझमीस नृत्य म्हणतों. मुळांत ती व्यायामाची. शब्द फारशी आहे. धनुर्विद्या शिकणारे साखळीच्या ज्या धनुष्यावर हात कसत, त्याचें हें नांव. आखाड्यांतील लेझीम जड असे; मुलांच्या हातीं आली तशी ती हलकी झाली.

वाळवा, तासगांव, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांतच होते. तेव्हां लेझीम साताऱ्याची कीं सांगलीची, या वादांत कांहीं अर्थ नाहीं. नोव्हेंबर १९८२ मध्यें दिल्लीस आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगीं सांगलीकडील ४०० खेळाडूंनीं ती खेळून दाखविली.

इतके जण एका ठोक्यावर येतात कसे? लेझीम उघडतां-मिटतां साखळीच्या चकत्या वाजतात. एखादा चुकला तर डोळ्यांआधीं कानांस कळतें. पण कानांसही मर्यादा आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. म्हणजे १०० मीटर लांबीच्या मैदानावर शेवटच्या रांगेस हलगीचा ठोका जवळजवळ एकतृतीयांश सेकंद उशिरां ऐकूं येतो. म्हणून मागच्या मुलानें पाऊल हलगीवर नव्हे, तर पुढच्याच्या खांद्याकडे पाहून उचलावें. गांवीं हलगीवाला खेळणाऱ्यांच्या मधोमध उभा राहतो, यांतील शहाणपण मला फार उशिरां उमगलें.

शिवाय हलगीवाल्याची दृष्टि मुलांच्या पायांवर असते. मुलें दमलीं कीं तो लय उतरवितो, रंगलीं कीं चढवितो. ध्वनिमुद्रित संगीतास हें साधत नाहीं. तरी अनेक संमेलनांत आतां तेंच लावतात.

हलगी वाजविणारे बहुधा मातंग समाजांतील. मिरवणूक चाले त्यांच्या तालावर, हार मात्र पडत खेळणाऱ्यांच्या गळ्यांत. मीही निराळा नव्हतों. एके वर्षीं आमच्या पथकास बक्षीस मिळालें, तेव्हां छायाचित्रासाठीं रांगा मींच लावल्या. हलगीवाले बापलेक परतीच्या मिरवणुकीसाठीं बाजूस शेकोटीवर हलगी तापवीत बसले होते. चामडें तापलें म्हणजे ताणतें आणि आवाज खणखणीत होतो. त्यांस हांक मारण्याचें मला सुचलें नाहीं. तें छायाचित्र अद्याप माझ्या भिंतीवर आहे. डाव्या कडेस थोडा धूर तेवढा दिसतो.